पोट भरते, पण अंगी लागते का?



खानदेशातून उधना-जळगाव रेल्वेमार्गाने सुरतेला आलेली कितीतरी कुटुंबे डिंडोलीत राहतात. बरेच जण मागावर बारा-बारा तासांची पाळी करतात. घरोघरी जाताना एक तक्रार वारंवार कानी पडते : "फादर, पोटभर खातो, तरी अंगात त्राण नाही." काय खाता असे विचारले, तर सकाळी चहा-खारी, दुपारी बटाटा-भात, संध्याकाळी वडापाव!

एक ग्रॅम पिष्टमय पदार्थांपासून किंवा प्रथिनांपासून ४ उष्मांक मिळतात, तर स्निग्ध पदार्थांपासून ९. तेव्हा खारी-वड्यातही उष्मांक भरपूर आहेत. जीवनसत्त्वांत उष्मांक मुळीच नाहीत. पण 'ब' गटातील जीवनसत्त्वांवाचून शरीराला या उष्मांकांचा नीट उपयोग करता येत नाही. माग विजेवर चालतो, पण तेलपाणी नसेल तर अडतो, तसेच हे आहे.

ही 'ब' जीवनसत्त्वे धान्याच्या कोंड्यात पुष्कळ असतात. १८९० च्या दशकात जावा बेटावर डॉ. आयकमन यांना आढळले की, सडलेल्या पांढऱ्या तांदळावर पोसलेल्या कोंबड्या लुळ्या पडतात आणि कोंड्यासकट तांदूळ दिला की बऱ्या होतात. या कार्याबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या आयाआज्यांची कळण्याची भाकरी आठवा. चार भाग ज्वारी, एक भाग सालासकट उडीद आणि मीठ, एवढेच दळण. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने असतात, उडदात २० हून अधिक; शिवाय एकाची उणीव दुसरे भरून काढते. सुरतेत आल्यावर आपण नेमकी हीच भाकरी सोडली!

एवढे अवश्य करावे :

१. दिवसातून एकदा तरी कळण्याची भाकरी व पालेभाजी खावी. शेवग्याच्या पाल्यातून 'अ' जीवनसत्त्व मिळते. ते अंगी लागण्यास भाजीत थोडे तेल हवे.

२. जेवताना कच्चे लिंबू पिळावे. शिजवल्याने 'क' जीवनसत्त्व बरेच नष्ट होते. भाजीतील लोह शोषले जाण्यासही लिंबू मदत करते. जेवणावरचा चहा मात्र अडथळा आणतो.

३. रातपाळीवाल्यांनी काही वेळ उन्हात बसावे. त्याने 'ड' जीवनसत्त्व तयार होते.

४. 'ब-१२' वनस्पतींतून मिळत नाही. दूध, दही, अंडी किंवा मासे खावेत.

५. अंगणात शेवग्याची फांदी लावावी. जागा नसेल त्यांनी डब्यात मेथी पेरावी.

इतके करूनही थकवा राहिला, हातापायांना मुंग्या आल्या किंवा संध्याकाळी दिसेनासे झाले, तर अंगावर न काढता डॉक्टरांना दाखवावे.

पुढच्या खेपेस गावाहून येताना पिशवीत ज्वारी-उडीद जरूर आणा.