शेवटचा खेळ

कोल्हापूरच्या चित्रपट महोत्सवात त्या रात्री शेवटच्या खेळाला आम्ही जेमतेम ४० माणसं होतो. पडद्यावर माणदेशातलं मेंढपाळ कुटुंब. ना गाणी, ना ओळखीचा चेहरा. सहज मागे वळून पाहिलं, तर दारापाशी एक तरुण पडद्याकडे पाठ करून आमचे चेहरे न्याहाळत होता. तोच दिग्दर्शक!

खेळ सुटल्यावर चहाच्या गाडीवर तो म्हणाला, ''काका, अर्धा एकर इकलाय ह्याच्यासाठी. थेटर मिळंल का हो?''

मी काय सांगणार? याच गावात बाबूराव पेंटरांनी सहकाऱ्यांसह स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२५ साली ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. कर्जापायी जमीन गमावून शहरात गिरणी गाठणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा. शेतकरी झाले होते तरुण व्ही. शांताराम. ज्या चित्रपटाचं आपण एवढं कौतुक करतो, तो आज पाहायलाच मिळत नाही. सांभाळायचा कुणी, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडला नसावा.

''थेटरचं ठाऊक नाही,'' मी म्हणालो, ''पण प्रत जप बाबा.''

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा खेळ पुन्हा होता. घरातल्या तिघांना घेऊन गेलो. दारात तो उभाच होता, मोजत.