पाऱ्याचा आकडा आणि टिनाखालचे घर

मे महिन्यात बातम्यांत सांगतात, "नागपूरचे आजचे तापमान ४४ अंश." वस्तीत टिनाखाली राहणारी आई पदराने वारा घेत म्हणते, "आमच्या घरात तर याहून जास्त असेल." तिचे म्हणणे खरे आहे. हवामान खात्याचा तापमापक मोकळ्या जागी, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत ठेवलेला असतो. तापलेले टिन, भिंतीला भिंत लागलेली घरे, एकच खिडकी आणि त्याच खोलीत पेटलेली शेगडी यांचा हिशेब त्या आकड्यात नसतो. म्हणून आम्ही यावेळी नागपूरच्या वर्षभराच्या हवामानाकडे आपल्या घराच्या उंबरठ्यावरून पाहणार आहोत.

नागपूर देशाच्या मधोमध आहे. समुद्र दोन्ही बाजूंनी दूर, त्यामुळे इथे ऊनही कडक आणि थंडीही बोचरी. मे महिन्यात दुपारचे सरासरी तापमान ४२ ते ४३ अंश असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे सरासरी तापमान १२-१३ अंशांवर येते, कधी त्याच्याही खाली. वर्षाचा पाऊस सुमारे १००० ते ११०० मिलिमीटर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो.

मार्चपासूनच ऊन तापू लागते. १४ एप्रिलला जयंतीच्या मिरवणुकीत आपण लहान लेकरे आणि म्हातारी माणसे घेऊन निघतो, तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला असतो. सोबत पाण्याची बाटली आणि डोक्याला दुपट्टा हवाच. पुढे मेअखेर नवतपा येतो. दुपारच्या उन्हाला आपण सगळेच भितो, पण रात्रीचा उकाडाही तितकाच घातक असतो. दिवसभर तापलेल्या भिंती रात्री उष्णता सोडत राहतात. शरीराला विसावा मिळत नाही, झोप होत नाही आणि सकाळी तोच माणूस पुन्हा बांधकामावर किंवा रिक्षावर जातो. असे लागोपाठ तीन-चार दिवस गेले की धडधाकट माणूसही कोसळतो.

आता एक गोष्ट उघडपणे बोलू. वस्तीतल्या अनेक माता-भगिनी उन्हाळ्यात मुद्दाम पाणी कमी पितात, कारण संडास लांब आहे, रांग आहे किंवा अंधारात जायची भीती आहे. पाणी कमी पडले की लघवीची जळजळ, चक्कर आणि मूतखड्याचा धोका वाढतो. आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. शरीरातले पाणी घटले की त्यांच्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. गरोदर बाई आणि सिकलसेलचा रुग्ण यांनी तहान लागायची वाट पाहू नये, थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. बीपीची लघवी होणारी गोळी सुरू असेल, तर उन्हाळ्यात किती घ्यायची हे डॉक्टरांना विचारा. स्वतःच बंद करू नका.

उलट्या-जुलाब झाले किंवा घाम खूप गेला, तर ओआरएसची पुडी सर्वांत चांगली. ती नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा, लहान घ्या.

माणूस असंबद्ध बोलू लागला, झटके आले, शुद्ध हरपली किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजा. ताबडतोब १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत आणा, कपडे सैल करा, सर्वांगावर पाणी ओता आणि वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही. खिशातल्या कांद्याने ऊन टळत नाही आणि अंगारा-धुपाऱ्यात गेलेली वेळ जीव घेऊ शकते.

जूनच्या मध्याला पाऊस येतो. पारा उतरतो, पण दमट हवेत घाम सुकत नाही आणि कूलरही गार हवा देत नाही. त्याच कूलरच्या टाकीत डेंग्यूचा डास वाढतो. टाकी, ड्रम, जुने टायर आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून कोरडे करा. नळाचे पाणी गढूळ आले तर उकळून प्या.

ऑक्टोबरमध्ये पाऊस सरला की दुपार पुन्हा तापते. दीक्षाभूमीवर लांबून येणाऱ्या बांधवांना हा उन्हाचा चटका ठाऊक आहे. त्यानंतर थंडी येते. जे टिन मे महिन्यात भाजते, तेच जानेवारीत रात्री गारठते. दार-खिडकी बंद करून खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिचा विषारी वायू डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही, आणि झोपेतच माणूस जातो. थंडीत बीपी वाढते आणि सिकलसेलचे दुखणेही उसळते, म्हणून अंगभर उबदार कपडे घाला.

घरापुरते काय करता येईल? मार्चमध्येच टिनावर चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो आणि खोली काहीशी निवते. खिडक्या दुपारी झाका, रात्री उघडा. पण काही कामे एकट्या घराची नाहीत. वस्तीतल्या विहाराला पक्के छत असेल, तर एप्रिल-मे मध्ये दुपारी १२ ते ४ विहार उघडा ठेवावा, दोन माठ भरावेत आणि आजी-आजोबांना, बाळंतिणीला तिथे बसवावे. महिला मंडळाने नळ आणि संडासाचा अर्ज उन्हाळा लागण्याआधीच द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. पाऱ्याचा आकडा आपल्या हातात नाही. टिनाखालच्या माणसाला त्याची झळ किती बसू द्यायची, हे मात्र बरेचसे आपल्या हातात आहे.