जुन्या घराचीं दारें-खिडक्या

संस्कृतांत खिडकीस ‘वातायन’ म्हणतात, तसेंच ‘गवाक्ष’ही म्हणतात. एका नांवांत वाऱ्याची वाट आहे, दुसऱ्यांत डोळा आहे. आम्हां मावळवासीयांस मात्र तिनें पाऊसही बाहेर ठेवावा लागतो. लोणावळ्यास वर्षाकाठीं चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि त्याची झड आडवी येते.

आमच्या घरच्या सागवानी चौकटी तळाशीं कुजल्या, तेव्हां सर्व खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवाव्या, असा मुलांनीं बेत केला. दर दोन वर्षांनीं तेल-रंगाची दगदग कोणीं करावी, हें त्यांचें म्हणणें गैर नव्हतें. मीं त्यांस इतकेंच सांगितलें कीं, अगोदर भाजें व कार्लें येथील लेणीं पुनः पाहून या.

भाज्याच्या चैत्यगृहाचा दर्शनी भाग लांकडी होता. तो पार नाहींसा झाला असून खडकांतील खांचा तेवढ्या उरल्या आहेत. कार्ल्यास मात्र छताखालच्या लांकडी कमानी सुमारें दोन हजार वर्षें जागच्या जागीं आहेत. एक लांकूड भिजत राहिलें, दुसरें कोरडें राहिलें, हाच काय तो भेद. कार्ल्याच्या एका शिलालेखांत धेनुकाकटच्या सामि नांवाच्या सुतारानें द्वार केल्याची नोंदही आहे.

मुलें परत आल्यावर चौकटी टोच्यानें टोंचून पाहिल्या. कुजकें लांकूड वीतभरच निघालें. वरचा साग दगडासारखा होता. अपराधी मीच ठरलों. पूर्वीं पाणी आंत येऊं नये म्हणून मीं चौकटीबाहेर सिमेंटचा उंचवटा करविला होता. पाणी त्याच्यामागें तुंबून लांकडांत मुरत असे. तो फोडून बाहेरच्या बाजूस उतार दिला. कुजका भाग कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानें बसविला, आणि कापलेल्या टोंकांस जवसाचें तेल भरपूर पाजलें. खिडकीखालच्या फळीस पोटाकडून खांच पाडली, म्हणजे थेंब भिंतीकडे न ओघळतां तेथूनच खालीं पडतो. पश्चिमेकडील दोन खिडक्या मात्र वाळवीनें पोखरल्या होत्या. त्या बदलल्याच, आणि मुलांच्या इच्छेप्रमाणें सरकत्या केल्या.

माजघरांतील उजेडाच्या कांचेच्या कौलास तडा गेला होता. नवें घेतांना शेजारचें मंगलोरी कौल नमुन्यास नेलें, कारण निरनिराळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खांचा एकमेकींत बसत नाहींत.

वाचकांस दोन सूचना. श्रावणांत दार अडूं लागलें म्हणून लगेच रंधा मारूं नये. लांकूड आडवें फुगलेलें असतें, आणि मार्गशीर्षांत त्याच जागीं फट पडते. दुसरें, चौकटींचें काम फाल्गुन-चैत्रांत, लांकूड कोरडें असतांना उरकावें. परंतु त्यापूर्वीं कौलें पाहावीं.

यंदा आषाढांतील पहिल्या झडींत थोरल्यानें खिडकीच्या फळीवरून आंतून हात फिरविला. हात कोरडा होता. त्यानें सुताराचा पत्ता वहींत लिहून ठेवला आहे.