झिरकॉनच्या कणाचे वय कसे काढतात?

ग्रॅनाइट कुटून त्याचा चुरा जड द्रवात टाकला, की क्वार्ट्ज आणि फेल्डस्पार तरंगतात, झिरकॉन तळाशी बसतो. हे कण मिठाच्या खड्याहूनही लहान असतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते एकेक करून वेचावे लागतात.

एवढी मेहनत झिरकॉनसाठीच का? हा स्फटिक शिलारसात वाढत असताना झिर्कोनियमच्या जागी थोडे युरेनियम आत शिरते. शिशाचा आयन मात्र त्या रचनेत मावत नाही. त्यामुळे आज कणात सापडणारे शिसे बहुतेक सगळे त्यातल्याच युरेनियमपासून बनलेले असते. युरेनियम-238 चे निम्मे अणू शिसे-206 व्हायला सुमारे 447 कोटी वर्षे लागतात. युरेनियम-235 चे निम्मे अणू शिसे-207 व्हायला 70 कोटी. समजा, युरेनियम-238 च्या शंभर अणूंमागे शिसे-206 चे दहा अणू मिळाले, तर कणाचे वय सुमारे 61 कोटी वर्षे. दुसऱ्या जोडीनेही हेच उत्तर दिले तर ते पक्के. उत्तरे जुळली नाहीत, तर मधल्या काळात शिसे निसटले असावे अशी शंका घ्यायची.

हे अणू मोजायचे कसे? कण इपॉक्सी राळेत बसवून अर्ध्यापर्यंत घासतात. इलेक्ट्रॉनचा झोत टाकला की आतले वाढीचे थर उजळतात. जुन्या गाभ्याभोवती कधी कधी नवे कवच चढलेले असते, म्हणून जागा पाहूनच नेम धरतात. 193 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर सेकंदाला काही ठोके देत अर्ध्या मिनिटात सुमारे 30 मायक्रॉन रुंदीचा खड्डा पाडतो. उडालेली धूळ हेलियम वायू वाहून नेतो. पुढे हजारो अंश तापलेल्या आरगॉनच्या प्लाझ्मात तिचे आयन होतात. मास स्पेक्ट्रोमीटर ते वस्तुमानाप्रमाणे वेगळे करून मोजतो.

लेसरच्या माऱ्यात शिसे आणि युरेनियम सारख्या प्रमाणात सुटत नाहीत. म्हणून दर काही कणांनंतर ज्ञात वयाचा झिरकॉन मोजून आकडे दुरुस्त करतात. कॅनडातल्या ऑन्टॅरिओचा ‘91500’ हा असाच एक प्रमाण झिरकॉन. त्याचे वय सुमारे 106.5 कोटी वर्षे.

या पद्धतीची ताकद वेगात आहे. नदीच्या वाळूतले शंभर कण एका दिवसात मोजता येतात आणि ती वाळू कोणत्या काळातल्या खडकांतून आली, हे उलगडते. मर्यादा आहे ती अचूकतेची: उत्तरात एक-दोन टक्क्यांचा फरक राहतो. आपल्या दख्खनच्या लाव्ह्याचे वय सुमारे 6.6 कोटी वर्षे. त्याचे दोन टक्के म्हणजे तेरा लाख वर्षे. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार तिथल्या उद्रेकांचा मुख्य टप्पा सुमारे साडेसात लाख वर्षांतच आटोपला होता. तो हिशेब लागला, तो कण आम्लात विरघळवून मोजण्याच्या जुन्या, संथ पद्धतीने.