आधी आवळा, मग सोडा

या आठवड्यात झोपेवर लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढे ढकलावं लागतंय. साताऱ्याहून एका वाचक बाईंचं पत्र आलंय. 'योगवर्गात शवासनाला सांगतात, अंग सैल सोडा. मी सोडते. पाच मिनिटांनी लक्षात येतं, दातांवर दात घट्ट बसलेत. सोडायचं म्हणजे नेमकं करायचं तरी काय?'

शिकागोच्या डॉ. एडमंड जेकबसन यांनी उभी हयात याच प्रश्नावर घालवली. १९२९ साली त्यांचा 'प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन' हा ग्रंथ आला, आणि पाच वर्षांनी सामान्य वाचकांसाठी 'यू मस्ट रिलॅक्स'. नावातच हुकूम, आणि आत मात्र हुकमाने कुणी सैल होत नसतं, याचं सविस्तर विवेचन! त्यांचं म्हणणं साधं होतं: आपण आवळलेले आहोत हेच माणसाला कळत नाही, मग तो सोडणार काय? त्यांनी स्नायूंमधली विद्युत-हालचाल मोजली. निवांत पडलेल्या माणसाने हात वाकवण्याची नुसती कल्पना केली, तरी त्या हाताच्या स्नायूंत हालचाल नोंदली जायची.

त्यांचा पहिला धडा चटईवर कुणालाही करता येईल. पाठीवर आडवं व्हायचं, हात अंगाशेजारी, तळवे खाली. कोपर न उचलता एक पंजा मनगटातून मागे वळवायचा. मनगटाशी ओढ बसते. तिच्याकडे दुर्लक्ष करायचं, ती सांध्याची. शोधायची ती त्याच्या वर, कोपराखालच्या मांसल भागातली पुसट आवळण. ती नीट ओळखीची झाली की पंजा पडू द्यायचा. अलगद खाली आणून ठेवला तर तेही कामच झालं. पहिल्या बैठकीत जेकबसन एवढंच शिकवत, मग पुढचे अवयव एकेक करून. कपाळ, डोळे, जबडा, जीभ यांची पाळी फार उशिरा यायची. आज पंधरा मिनिटांत नखशिखांत 'रिलॅक्स' करणाऱ्या ध्वनिफिती मिळतात. त्या ऐकून जेकबसन यांच्याच कपाळाला आठ्या पडल्या असत्या.

शवासन मात्र निराळ्या वाटेने जातं. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या ४७ रुग्णांना ते शिकवलं आणि १९६९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोज अर्धा तास, संथ लयीत पोटाने श्वास, लक्ष नाकपुड्यांशी जाणवणाऱ्या हवेकडे. बऱ्याच जणांचा दाब उतरला, काहींची औषधंही कमी करता आली. आजच्या मापाने प्रयोग लहान, तरी महत्त्वाचा. १९७५ साली इंग्लंडमध्ये डॉ. चंद्रा पटेल यांनी ३४ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून योग आणि बायोफीडबॅक (शरीरातले बदल यंत्राच्या खुणांवरून ओळखून आवरायला शिकणं) यांची चाचणी घेतली, तेव्हाही शिकवलेल्या गटाचा दाब अधिक उतरला. (गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी सोडू नयेत.)

आता साताऱ्याचे दात. 'जबडा सैल सोडा' असं स्वतःला बजावण्याऐवजी ते हलकेच चावून धरावेत, दुखेपर्यंत नव्हे. कानशिलांशी आणि कानापुढे स्नायू टणक झालेला बोटांना लागतो. तो आतूनही जाणवू लागला की चावणं थांबवायचं, बस्स. जबडा आपला आपण किंचित खाली येतो. तोंड उघडायचा प्रयत्न केला तर पुन्हा दुसरे स्नायू कामाला लागतात.

याच सरावात घोरायला लागणाऱ्यांचीही पत्रं आहेत. त्यांचा समाचार पुढच्या आठवड्यात, झोपेबरोबरच.