लोणंदहून समुद्र किती दूर?

आमचं लोणंद म्हणजे कांद्याचा बाजार, माउलींच्या पालखीचा मुक्काम आणि पुणे-मिरज लाइनवरचं स्टेशन. समुद्राशी संबंध फक्त कोकण ट्रिपपुरता! पण ज्या नैर्ऋत्य वाऱ्याची आपण जूनमध्ये वाट बघतो, तोच वारा अरबी समुद्रात एक प्रचंड शेतीही पिकवतो. ही शेती वनस्पतीप्लवकांची.

प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना न दिसणारे हिरवे जीव. पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी जवळपास निम्मं काम हे करतात. तारली, बांगडा यांची अन्नसाखळी इथूनच सुरू होते. त्यांना ऊन लागतं आणि खतही. ऊन वर, पण नायट्रेट, फॉस्फेट मात्र खोल पाण्यात. पावसाळी वारा किनाऱ्यालगतचं पाणी दूर ढकलतो, त्याच्या जागी खालचं गार, खतयुक्त पाणी वर येतं आणि पीक जोमात येतं.

आता हे पीक वाढतंय की घटतंय? इथेच खरी गंमत आहे. २००५ साली जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी 'सायन्स'मध्ये मांडलं, की १९९७ ते २००४ या काळात पश्चिम अरबी समुद्रात किनाऱ्यालगत उन्हाळी प्लवक ३५० टक्क्यांहून जास्त वाढले. कारण? हिमालय-युरेशियातला बर्फ कमी, जमीन जास्त तापलेली, म्हणून वारा जोरदार. पुढे २०१६ साली पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी नेमकं उलटं सांगितलं: पश्चिम हिंदी महासागरात सहा दशकांत प्लवक २० टक्क्यांपर्यंत घटले.

घट का झाली, ते होस्टेलच्या गच्चीवरच्या सोलरला विचारा. टाकीत गरम पाणी वर राहतं, गार खाली. आपोआप मिसळत नाही. समुद्राचंही तसंच. वरचा थर तापला की तो हलका होऊन झाकणासारखा बसतो आणि खालचं खत वर येईना!

मग खरं कोण? दोघांचे प्रदेश तंतोतंत एक नाहीत हे खरं, पण मोठा फरक कालावधीचा आहे. सात वर्षांचा आलेख आणि साठ वर्षांचा आलेख सारखा कसा दिसेल? एका युनिट टेस्टवरून कुणी डिग्रीचा निकाल लावतं का? म्हणूनच गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कांदोळीजवळ १९९७ पासून एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा मोजमाप घेत आली. पावसाळ्याच्या अखेरीस तिथल्या तळाच्या पाण्यात प्राणवायू फार कमी होतो. वरचे प्लवक मरून खाली कुजतात आणि तो खाऊन टाकतात.

म्हणजे प्लवक वाढले तर चांगलंच, असंही नाही. हिवाळ्यात अरबी समुद्रात हल्ली हिरव्या नॉक्टिलुकाचे मोठे थवे येतात. रात्री लाटा चमकतात, पण बहुतेक मासे त्याला तोंड लावत नाहीत. जेलीफिशसारख्यांचं मात्र फावतं. कोळ्यांच्या जाळ्यात काय येणार, हा प्रश्न असा टक्केवारीपलीकडचा आहे.

आणि आपण? आमच्या कांद्याला जास्त पडलेला युरिया पावसात नीरेत उतरतो. नीरा भीमेला, भीमा कृष्णेला आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला मिळते. वाटेत धरणं आहेत, बरंचसं अडतंही. पण वारा अरबी समुद्राकडून येतो आणि पाणी बंगालच्या उपसागराकडे जातं. दोन्ही समुद्रांशी नातं असलेलं गाव समुद्रापासून दूर कसं म्हणायचं?