जाझ संगीताची एक रात्र

‘जाझ’ हा शब्द कानीं पडतांच आपल्यापैकीं पुष्कळांच्या मनांत कर्कश वाद्यांचा गोंगाट उभा राहतो. हा समज बरोबर नाहीं. जाझ हें शिस्तीचें संगीत असून त्यांतील स्वातंत्र्य मोठ्या अभ्यासानें मिळवावें लागतें. या संगीताच्या इतिहासांत ता. ४ जुलै १९६९ ची रात्र विशेष स्मरणीय आहे. त्या रात्रीं काय घडलें व त्यापासून कोणता बोध घ्यावा, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम जाझ म्हणजे काय तें पाहूं. अमेरिकेच्या दक्षिण भागांत न्यू ऑर्लीन्स नांवाचें बंदर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास तेथील कृष्णवर्णीय लोकांत हें संगीत उदयास आलें. गुलामगिरींत पिचलेल्या पूर्वजांचीं श्रमगीतें, प्रार्थनामंदिरांतील भक्तिगीतें, ‘ब्लूज’ नांवाचीं दुःखगीतें आणि लष्करी बँडचीं वाद्यें यांचा त्यांत संगम झाला. आपल्याकडे गवई प्रथम बंदिश मांडतो व मग तालाच्या आवर्तनांत राहून तिचा विस्तार करतो. त्याचप्रमाणें जाझचे वादक आधीं मूळ चाल वाजवितात आणि नंतर एकेक जण आळीपाळीनें, ऐन वेळीं सुचेल तसा, तिचा विस्तार करतो. ब्लूजचें एक आवर्तन बहुधा चार चार मात्रांच्या १२ खंडांचें असतें. तें मनांत पक्कें असल्यावांचून वादकास एक पाऊलही पुढें टाकतां येत नाहीं.

ऱ्होड आयलंड संस्थानांत समुद्रकांठीं न्यूपोर्ट नांवाचें शहर आहे. तेथें १९५४ सालीं मि. जॉर्ज वाइन यांनीं जाझचा वार्षिक उत्सव सुरू केला. पुढें पंधरा वर्षांत काळ बदलला. विजेच्या गिटारीवर चढ्या आवाजांत वाजणाऱ्या ‘रॉक’ संगीतानें तरुणांस वेड लावलें. वस्तुतः जाझ व रॉक या दोहोंच्याही अंगीं ब्लूजचें रक्त आहे. परंतु दोन्ही घरांचा परस्परांशीं फारसा व्यवहार नव्हता. १९६९ सालीं मि. वाइन यांनीं रॉकच्या मंडळ्यांस जाझच्या मंचावर बोलाविलें.

४ जुलैच्या त्या रात्रीं रोलंड कर्क हे जाझवादक तेथें होते. अगदीं लहानपणीं त्यांची दृष्टि गेली होती. ते तीन सॅक्सोफोन एकाच वेळीं तोंडांत धरून वाजवीत. आपले सनईवाले ज्याप्रमाणें गालांतील हवेनें सूर चालू ठेवून नाकानें श्वास घेतात, तीच विद्या त्यांसही साध्य होती. त्याच रात्रीं इंग्लंडची ‘जेथ्रो टल’ ही मंडळी आली. हें नांव मुळीं अठराव्या शतकांतील एका शेतकी सुधारकाचें होय. आपल्या पाभरीप्रमाणें ओळींत बीं पेरणारें यंत्र त्यानें तयार केलें होतें. या मंडळींतील इयन अँडरसन हे एका पायावर उभे राहून बांसरी वाजवीत. विशेष हें कीं, मंडळीच्या १९६८ च्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेंत कर्क यांचीच एक रचना त्यांच्या नांवासह घेतलेली होती. म्हणजे देणारा व घेणारा एकाच रात्रीं एकाच मंचावर आले! याशिवाय ब्लूजच्या वळणाच्या दोन इंग्रज मंडळ्या होत्या, आणि जाझचे कर्णे रॉकच्या ठेक्यावर वाजविणारी ‘ब्लड, स्वेट अँड टिअर्स’ ही न्यूयॉर्कची मंडळीही होती.

परंतु दुसऱ्या रात्रीं गर्दी अनावर झाली व पुष्कळ लोक कुंपण ओलांडून आंत शिरले. १९७० सालीं रॉक बाजूस ठेवण्यांत आलें. तरीही १९७१ सालीं तिकिटावांचून जमलेल्या तरुणांनीं कुंपण मोडून मंचाकडे धाव घेतली. उत्सव अर्ध्यावर बंद करावा लागला. १९७२ सालीं तो न्यूयॉर्क शहरीं गेला आणि न्यूपोर्टला परत येण्यास १९८१ साल उजाडलें. अशा रीतीनें थोड्यांच्या आततायीपणामुळें एका गांवाचा उत्सव दहा वर्षें हरपला.

मग तो प्रयोगच चुकला असें म्हणावें काय? तसें नाहीं. जाझचे थोर वादक माइल्स डेव्हिस हे त्या उत्सवांत ५ जुलै रोजीं वाजवून गेले. विजेचीं वाद्यें जाझमध्यें आणण्याचा त्यांचा प्रयत्न आधींच सुरू होता. पुढच्याच महिन्यांत त्यांनीं अशा वाद्यांचा मोठा मेळ जमवून जें ध्वनिमुद्रण केलें, त्यानें जाझला नवें वळण लागलें. त्यांत गिटार वाजविणारे जॉन मॅक्लॉफ्लिन यांनीं पुढें ‘शक्ति’ ही मंडळी काढली. तींत त्यांच्याबरोबर तबल्यास उस्ताद झाकीर हुसेन होते. मुंबईंत जन्मलेला व माहीमच्या सेंट मायकेल शाळेंत शिकलेला हा मुलगा वडिलांच्या, म्हणजे उस्ताद अल्लारखां यांच्या, तालमींत तयार झाला होता. आपला ताल पक्का होता, म्हणूनच परक्या संगीताशीं त्यास बरोबरीच्या नात्यानें बोलतां आलें.

विद्यार्थिमित्रहो, यांतील बोध उघड आहे. दुसऱ्याच्या घरीं जावें, त्याचें चांगलें तें घ्यावें. पण आधीं आपली विद्या पक्की असावी आणि घेतलेल्याचें ऋण मोकळ्या मनानें सांगावें. श्रोत्यांचाही एक धर्म आहे. मंचावरील स्वातंत्र्य हें मंचासमोरील संयमावर टिकतें. शाळेच्या स्नेहसंमेलनांत बसतांना न्यूपोर्टच्या मोडलेल्या कुंपणाची आठवण आपण ठेविली, तर ती आपल्या उपयोगीं पडेल.